धडधडत्या हृदयाचे चुंबकीय दर्शन

१९९३ सालच्या मार्च महिन्यात, वैद्यकाच्या जगात ज्याचा शब्द प्रमाण मानण्याचा शिरस्ता आहे अशा ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात, बोस्टनच्या बेथ इझ्राएल रुग्णालयातील वॉरन मॅनिंग, रॉबर्ट एडेलमन आणि त्यांचे एक सहकारी यांचा एक आटोपशीर निबंध प्रसिद्ध झाला. ३९ माणसांच्या हृदयधमन्यांची चित्रे त्यांनी दोन प्रकारे घेतली होती: एकदा रूढ मार्गाने, म्हणजे शरीरात नळी घालून, औषध सोडून, क्ष-किरणांच्या साहाय्याने, आणि एकदा नळी, औषध व क्ष-किरण या तिन्हींना फाटा देऊन, केवळ चुंबक व रेडिओलहरी यांच्या बळावर. रूढ पद्धतीने दाखविलेल्या लक्षणीय अडथळ्यांपैकी शेकडा ९० या नव्या पद्धतीने ओळखले आणि निर्दोष धमन्यांपैकी शेकडा ९२ निर्दोष ठरविल्या. निबंधाच्या मथळ्यातच लेखकांनी हा वृत्तांत प्राथमिक स्वरूपाचा असल्याचे नमूद केले होते. आणि पुढील वीस वर्षांचा इतिहास पाहता ती सावधगिरी किती योग्य होती, याची साक्ष पटते. तथापि त्या निबंधाने जी आकांक्षा जागविली ती लहान नव्हती, आणि तिचे मोल कळण्यासाठी थोडे मागे जाणे अवश्य आहे.

सर्व शरीराला रक्त पुरविणारे हृदय स्वतःच्या पोषणासाठी ज्या दोन धमन्यांवर अवलंबून असते, त्या महाधमनीच्या मुळाशी उगम पावतात, हृदयाच्या पृष्ठभागावरील चरबीत अर्धवट बुडून वळणे घेत जातात, आणि उगमाशीसुद्धा त्यांची रुंदी तीन-चार मिलिमीटरांहून फारशी अधिक नसते. एवढ्या बारीक वाहिनीत साचलेला मेदाचा थर मनुष्याला क्षणात मृत्युपंथास लावू शकतो, हे ज्ञान विसाव्या शतकाच्या आरंभी वैद्यांना झालेले होते. परंतु जिवंत माणसाच्या छातीत हा थर नेमका कोठे आहे हे पाहण्याची सोय मात्र त्यांच्यापाशी नव्हती. १९२९ साली जर्मनीतील एबर्सवाल्ड या लहान गावच्या रुग्णालयात वेर्नर फोर्समान नावाच्या पंचविशीतल्या शल्यवैद्याने, वरिष्ठांचा स्पष्ट नकार असताना, स्वतःच्या हाताच्या शिरेतून ६५ सेंटिमीटर लांबीची नळी थेट हृदयापर्यंत सरकविली आणि तशाच अवस्थेत क्ष-किरणांच्या खोलीपर्यंत चालत जाऊन तिचे चित्र घेवविले. या साहसाबद्दल त्याला प्रथम वाट्यास आली ती अवहेलना. नोबेल पारितोषिक आले ते १९५६ मध्ये, आणि तेही आंद्रे कूर्नां व डिकिन्सन रिचर्ड्स या दोघांसमवेत.

हृदयाच्या आत शिरणे असे साधले, तरी त्याच्या स्वतःच्या धमन्यांचे दर्शन घडले ते मात्र योगायोगाने. ३० ऑक्टोबर १९५८ रोजी क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये डॉ. मेसन सोन्स हे २६ वर्षांच्या एका रुग्णाची तपासणी करीत होते. त्याच्या हृदयाच्या झडपा संधिवाताने बिघडलेल्या होत्या आणि महाधमनीत औषध सोडून त्यांचे चित्र घ्यावे एवढाच हेतू होता. रुग्ण वर मेजावर, आणि सोन्स मेजाखालच्या खड्ड्यात चित्रयंत्रापाशी, अशी त्या काळची मांडणी. औषध सुटले त्याच क्षणी नळीचे टोक घसरून उजव्या हृदयधमनीच्या मुखात शिरले, आणि सुमारे ३० घनसेंटिमीटर द्रव, जो महाधमनीच्या प्रशस्त प्रवाहात विरून जायचा, तो एका बारीक वाहिनीत भरला गेला. क्ष-किरणांना अपारदर्शक असलेला हा द्रव थेट या धमन्यांत गेला तर हृदय विस्कळीत थरथरून बंद पडेल, अशी त्या वेळच्या जाणत्यांची धारणा होती. सोन्स खड्ड्यातून वर धावले आणि छाती उघडण्यासाठी शस्त्र शोधू लागले. पण हृदयाच्या विद्युत्-आलेखाकडे पाहताच त्यांच्या ध्यानात आले की हृदय थरथरत नसून केवळ थांबलेले आहे, आणि त्यांनी रुग्णास मोठ्याने खोकण्यास सांगितले. तीन-चार खोकल्यांसरशी द्रव पुढे ढकलला गेला आणि ठोके पुन्हा सुरू झाले. जी गोष्ट प्राणघातक म्हणून वर्ज्य मानलेली होती ती मनुष्य सहन करू शकतो, असे सिद्ध झाले होते. मात्र औषधाची मात्रा अगदी थोडी हवी, एवढा धडा सोन्स यांनी घेतला आणि त्यावरून एक संपूर्ण शास्त्र उभे केले.

त्या शास्त्राच्या पायावर पुढील वीस वर्षांत जे उभे राहिले ते सर्वश्रुत आहे. त्याच क्लीव्हलंडमध्ये १९६७ साली अर्जेंटिनाचे रेने फावालोरो यांनी पायातील शीर वापरून अडथळ्याला वळसा घालणारी शस्त्रक्रिया रूढ केली. १९७७ च्या सप्टेंबरात झुरिक येथे आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी नळीच्या टोकावरील फुगा फुगवून अडथळा रुंदावला. आणि अँजिओग्राफी हा शब्द आपल्याकडेही घरोघरी पोहोचला. परंतु या तपासणीचा मोबदला रुग्णाला द्यावाच लागत असे. धमनीत सुई टोचणे, क्ष-किरणांचा मारा, मूत्रपिंडांवर औषधाचा भार, क्वचित रक्तस्राव, आणि अगदी क्वचित त्याहून गंभीर प्रसंग, असे सर्व सोसून ज्यांच्या धमन्या अखेरीस निर्दोष आढळत अशांची संख्याही नगण्य नव्हती. या लोकांना हा त्रास द्यावा का, हा प्रश्न विचारी वैद्यांना सतावीत होता, आणि चुंबकीय चित्रणाकडे त्यांची दृष्टी वळली ती यामुळे.

चुंबकीय चित्रणाचा उगम वैद्यकात नसून शुद्ध पदार्थविज्ञानात आहे. हायड्रोजनच्या अणूचा गाभा हा सूक्ष्म चुंबकच असतो. बलवान चुंबकीय क्षेत्रात ठेवल्यास तो ठराविक गतीने डोलतो, त्याच गतीच्या रेडिओलहरी सोडल्यास ऊर्जा ग्रहण करतो, आणि लहरी थांबल्यावर ती परत करताना स्वतःचा मंद संदेश प्रसृत करतो. घन व द्रव पदार्थांत हा परिणाम १९४६ साली स्टॅनफर्डचे फेलिक्स ब्लॉख आणि हार्वर्डचे एडवर्ड पर्सेल यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे प्रसिद्ध केला, आणि १९५२ चे नोबेल पारितोषिक दोघांस मिळून लाभले. शरीराचा बहुतांश भाग पाण्याचा, आणि पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू. म्हणजे संदेश देणाऱ्या कणांना शरीरात तोटा नव्हता.

या आरंभकाळात भारतीयांचाही वाटा आहे, आणि तो आपल्याकडे पुरेसा ज्ञात नाही याची मला खंत वाटते. ब्लॉख यांच्या स्टॅनफर्डमध्ये १९५१ साली आर्नोल्ड आणि पॅकार्ड यांच्या समवेत, एकाच रेणूतील हायड्रोजनचे अणू आपापल्या परिसराप्रमाणे वेगवेगळे संदेश देतात हे दाखविणाऱ्या कार्यात एस. एस. धर्माट्टी सहभागी होते. पुढे त्यांनीच मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाची प्रयोगशाळा उभारली. त्याहून आपल्या प्रस्तुत विषयाशी अधिक निकटचे कार्य म्हणजे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील जी. सूर्यन यांचे. १९५१ सालीच त्यांनी असे प्रसिद्ध केले की नळीतील पाणी स्थिर असताना जो संदेश मिळतो, त्याहून ते वाहते असताना अधिक प्रबळ संदेश मिळतो. कारण स्थिर पाण्यातील कण लहरींच्या वारंवार आघातांनी शिणलेले असतात, तर वाहत्या पाण्यात ताजे कण सारखे येत राहतात. वाहते रक्त आजूबाजूच्या स्थिर स्नायूहून उजळ दिसते आणि धमनी उठून दिसते, ती प्रथम याच तत्त्वावर. बंगळुरूतील त्या काचेच्या नळीपासून बोस्टनमधील हृदयधमनीपर्यंतचा मार्ग सरळ जातो, असे म्हणण्यात मला अतिशयोक्ती दिसत नाही.

संदेश मिळाला तरी तो शरीराच्या कोणत्या जागेहून आला हे कळल्यावाचून चित्र होत नाही. ही अडचण न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रूक विद्यापीठाचे पॉल लॉटरबर यांनी सोडविली. चुंबकीय क्षेत्र सर्वत्र सारखे न ठेवता एका बाजूकडून दुसरीकडे क्रमाने चढते ठेवले, तर प्रत्येक जागेचे अणू निराळ्या गतीने डोलतील आणि गतीवरून जागा ओळखता येईल, ही कल्पना त्यांना १९७१ च्या सप्टेंबरात पिट्सबर्गजवळच्या एका उपाहारगृहात सुचली. १९७३ साली ‘नेचर’मध्ये त्यांनी पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचे चित्र प्रसिद्ध केले. नॉटिंगहॅमच्या पीटर मॅन्सफील्ड यांनी हे चित्रण अतिशय शीघ्र करण्याचे गणित मांडले, आणि १९७८ मध्ये संपूर्ण शरीराच्या यंत्रात प्रथम स्वतःच प्रवेश केला. २००३ सालचे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळाले. आपल्याला डावलले गेले अशी कैफियत याच चित्रणावर काम करणारे रेमंड डॅमेडियन यांनी वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन मांडली. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. परंतु ३ जुलै १९७७ रोजी ब्रुकलिनमध्ये डॅमेडियन यांनी आपल्या एका सहकाऱ्याच्या छातीचा जो छेद टिपला त्याला पावणेपाच तास लागले होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. तेवढ्या अवधीत हृदयाचे सुमारे वीस हजार ठोके पडतात. अशा चित्रात हृदय म्हणजे एक धूसर डाग असणार, आणि त्यावरील तीन मिलिमीटरांची धमनी दिसण्याची तर आशाच नको.

येथेच या कथेचे खरे मर्म आहे. मेंदू, मणका, गुडघा हे अवयव यंत्रात निमूट पडून राहतात. म्हणून १९८० च्या दशकात त्यांचे चित्रण झपाट्याने सिद्ध झाले. हृदय मात्र दुहेरी गतीने सतत हलत असते. ते स्वतः आकुंचन-प्रसरण पावते, आणि त्या प्रत्येक ठोक्यात उजवी धमनी तर स्वतःच्या रुंदीच्या कित्येक पट अंतर सरकते. शिवाय ज्या पडद्यावर ते टेकलेले असते तो श्वासपटल प्रत्येक श्वासाबरोबर वरखाली जातो व हृदयालाही बरोबर नेतो. यांत धमनीचा सूक्ष्मपणा आणि तिच्याभोवतीची रक्ताहूनही उजळ दिसणारी चरबी यांची भर घातली, म्हणजे अभ्यासकांपुढे केवढे कोडे होते याची कल्पना येईल.

पहिल्या गतीवरील इलाज त्या मानाने लवकर सापडला. ठोका पडल्यानंतर, हृदय रक्ताने भरत असताना, सुमारे दशांश सेकंदाचा असा एक अवधी येतो की ज्यात ते जवळजवळ निश्चल असते. विद्युत्-आलेखावर नजर ठेवून प्रत्येक ठोक्यातील तेवढाच अवधी वापरावयाचा, आणि अनेक ठोक्यांतून गोळा केलेल्या तुकड्यांचे एक चित्र बांधावयाचे. बोलण्यास हे सोपे आहे. प्रत्यक्षात, प्रबळ चुंबकाच्या सान्निध्यात महाधमनीतून वाहणारे रक्त स्वतःच विद्युद्दाब निर्माण करते, तो आलेखात मिसळतो, आणि यंत्र भलत्याच लाटेला ठोका समजून बसते. या एका घोटाळ्याचा बंदोबस्त करण्यासच अनेक वर्षे गेली. १९८७ साली स्वेन पाउलिन यांच्या गटाने या मार्गाने धमन्यांच्या उगमाकडील भागांची चित्रे प्रसिद्ध केली. हे पाउलिन क्ष-किरणांच्या पद्धतीचेच जुने व मान्यवर अभ्यासक. आपल्या हयातभराच्या विद्येला पर्याय शोधण्याच्या कामी त्यांनी पुढे व्हावे, यात मला शास्त्रीय वृत्तीचे उत्तम लक्षण दिसते.

श्वासाच्या गतीवर एडेलमन आणि मॅनिंग यांनी योजलेला उपाय सरळ होता: रुग्णाने श्वास रोखावा. पूर्वी प्रत्येक ठोक्यात चित्राची एकच ओळ टिपली जाई. त्यांनी एका ठोक्यात आठ ओळी टिपण्याची तजवीज केली, आणि १२८ ओळींचे चित्र १६ ठोक्यांत, म्हणजे एका दमात, पुरे होऊ लागले. चरबीचा संदेश स्वतंत्रपणे दाबून टाकला, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर धमनी शुभ्र रेषेसारखी उमटे. पण एका दमात एकच पातळ छेद मिळे. वळणे घेत जाणाऱ्या धमनीचा माग काढण्यासाठी असे अनेक छेद, आणि दर छेदास रुग्णाने पुन्हा श्वास रोखावयाचा. छातीत दुखते म्हणून आलेल्या, वयाने उतरलेल्या, दम लागणाऱ्या मनुष्याने अरुंद बोगद्यात निजून, यंत्राचा खडखडाट ऐकत, पाऊण तास हे करीत राहावे, आणि प्रत्येक वेळी श्वास तंतोतंत त्याच पातळीवर रोखावा, ही अपेक्षा फार मोठी होती. इतर रुग्णालयांनी हाच प्रयोग केला तेव्हा बोस्टनचे आकडे त्यांना मिळाले नाहीत. काही ठिकाणी निकाल इतके खाली आले की पद्धतीच्या भवितव्याविषयी शंका घेतली जाऊ लागली.

यातून जी सुटका झाली ती मला या सर्व इतिहासातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या रिचर्ड एमन आणि जोएल फेल्म्ली यांनी १९८९ सालीच एक युक्ती सुचविलेली होती. शरीरातील एका बारीक स्तंभातून अल्पकाळाचा संदेश घेऊन हलत्या अवयवाची जागा तत्क्षणी मोजावयाची आणि तीनुसार चित्र सुधारावयाचे. ही युक्ती आता हृदयधमन्यांस लागू करण्यात आली. उजव्या बाजूस, यकृताच्या माथ्यावर, श्वासपटलाच्या घुमटातून असा स्तंभ घेतला म्हणजे फुप्फुस काळे आणि यकृत उजळ दिसून दोहोंमधील सरहद्द स्पष्ट उमटते. ती सरहद्द सुमारे पाच मिलिमीटरांच्या नेमलेल्या पट्ट्यात असेल तर त्या ठोक्यातील ओळी स्वीकारावयाच्या, नसेल तर टाकून पुढच्या ठोक्याची वाट पाहावयाची. जकातनाक्यावरील कारकुनाने परवाना पाहून गाडी आत सोडावी किंवा परतवावी, तसेच हे काम. श्वासपटल जितका सरकतो त्याच्या सुमारे ०.६ पट हृदय सरकते, हे मोजमापही १९९५ मध्ये झाले, आणि त्या हिशेबाने उरलीसुरली चूक दुरुस्त करता येऊ लागली. यापुढे रुग्णाने श्वास रोखण्याचे प्रयोजन उरले नाही. तो आपल्या चालीने श्वास घेत पडून राही आणि यंत्र त्याच्या सोयीने थांबे. शरीराला हुकूम करण्याऐवजी शरीराच्या लयीची वाट पाहण्यास विज्ञान शिकले, आणि त्यामुळेच धमनीचे त्रिमितीय चित्र घेण्याइतका वेळ त्याच्या हाती आला.

त्या दशकाच्या उत्तरार्धात बोस्टनच्याच प्रयोगशाळेत रेने बोटनार, मॅथियास स्टूबर, पीटर डॅनियस यांसारखे तरुण संशोधक एकत्र आले. रक्ताचा संदेश स्नायूच्या संदेशाहून सावकाश विझतो, या गुणाचा लाभ घेऊन स्नायू मुद्दाम मंद करण्याची पद्धत त्यांनी बसविली, आणि डोळ्यांना दिसणाऱ्या चित्रांची प्रत पाहता पाहता बदलली. त्याचा कस लागला तो २००१ साली. डेन्मार्कचे वॉन याँग किम प्रमुख लेखक असलेल्या, सात केंद्रांतील १०९ रुग्णांच्या पाहणीत धमन्यांच्या उगमाकडील व मधल्या भागांपैकी शेकडा ८४ भाग वाचण्याजोगे निघाले आणि लक्षणीय अडथळ्यांपैकी शेकडा ८३ सापडले. डावी मुख्य धमनी अथवा तिच्या दोन शाखा व उजवी धमनी अशा तिन्ही वाहिन्या रोगग्रस्त असलेला, म्हणजे ज्यास सर्वाधिक धोका असा, एकही रुग्ण निसटला नाही. तथापि एकंदर निदान शेकडा ७२ वेळाच अचूक ठरले. निर्दोष माणसाच्या कपाळी रोगाचा शेरा मारला जाण्याचे प्रसंग फार होते. हे सर्व आकडे लेखकांनी लपवाछपवी न करता मांडले, याबद्दल त्यांचा आदर वाटतो. पुढे संपूर्ण हृदय एकाच वेळी टिपण्याची पद्धत आली. जपानातील सात रुग्णालयांच्या १३८ रुग्णांवरील पाहणीने २०१० साली शेकडा ८८ रुग्णांतील रोग ओळखला, परंतु निर्दोषांना निर्दोष म्हणण्याचे प्रमाण शेकडा ७२ वरच राहिले.

दरम्यान मैदान दुसऱ्यानेच मारले होते. २००४ च्या सुमारास एका फेरीत ६४ छेद घेणारी सी.टी. यंत्रे बाजारात आली. शिरेतून औषध, काही सेकंद रोखलेला श्वास, आणि अर्ध्या मिलिमीटरापर्यंतचा तपशील. ज्या कामास चुंबकाला वीस-तीस मिनिटे आणि कसबी तंत्रज्ञ लागे, ते असे हातोहात होऊ लागले. यात क्ष-किरण होते, औषध होते, आणि कॅल्शियम साचलेल्या धमनीत तेज पसरून अडथळा आहे त्याहून मोठा भासण्याचा दोषही होता, जो चुंबकीय चित्रात नसतो. परंतु रुग्णालयाच्या रोजच्या रगाड्यात वेगाला जे महत्त्व असते ते नाकारण्यात अर्थ नाही. ज्यांनी दहा वर्षे श्वासपटलाची सरहद्द मोजण्यात घालविली त्यांच्यावर हा काळाने केलेला अन्याय होय, असे कोणास वाटेल. माझे मत तसे नाही. सी.टी.ने रुग्णाची सोय केली, आणि रुग्णाची सोय हाच या साऱ्या खटाटोपाचा मूळ हेतू होता.

शिवाय ते श्रम वाया गेले असेही नाही. हृदयधमन्यांसाठी घडविलेली श्वास आणि ठोका यांचा मेळ घालण्याची साधने जन्मजात हृदयदोषांच्या चित्रणात आज नित्य वापरली जातात. धमनी चुकीच्या जागी उगम पावून महाधमनी व फुप्फुसधमनी यांच्या मधून जात असेल, तर तरुण खेळाडूस परिश्रमाच्या वेळी मृत्यू येऊ शकतो. असा मार्ग चुंबकीय चित्रात स्वच्छ दिसतो, कारण तेथे अडथळा मोजावयाचा नसून वाट ओळखावयाची असते. जपानचे तोमिसाकु कावासाकी यांनी १९६७ साली वर्णन केलेल्या व त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या बालरोगात धमन्यांना फुगे येतात, आणि अशा मुलांची तपासणी वर्षानुवर्षे पुनःपुन्हा करावी लागते. कोवळ्या शरीरावर क्ष-किरणांचा वारंवार प्रयोग करणे कोणत्याही जबाबदार वैद्यास रुचणार नाही. येथे चुंबकाचा अधिकार निर्विवाद आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये बोटनार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक ठोक्याचे चित्र त्याच्याच गतीनुसार दुरुस्त करून एकही ठोका वाया न घालविण्याची रीत बसविली आहे, आणि तीमुळे मिलिमीटराहून सूक्ष्म तपशिलाचे संपूर्ण हृदयाचे चित्र पाच ते दहा मिनिटांत मिळू लागले आहे.

आज छातीत दुखते म्हणून गेलेल्या प्रौढ माणसाच्या धमन्या पाहावयाच्या झाल्या तर डॉक्टर सी.टी. किंवा नळीची अँजिओग्राफीच सांगतील, आणि ते योग्यच आहे. अखेरचा निवाडा अद्यापि सोन्स यांच्या नळीचाच आहे. परंतु ज्या मुलाला जन्मभर तपासणीसाठी यावयाचे आहे, त्याच्या आईवडिलांनी क्ष-किरणांवाचून हे काम होईल का, असे डॉक्टरांना अवश्य विचारावे. मोठ्या शहरांतील काही रुग्णालयांत आता त्याचे उत्तर होकारार्थी मिळू शकते.